मास्तरचे कान

होय, बदकच बोलतेय. आधी हसून घ्या, मग ऐका. माझी चाल, माझी मान, माझा आवाज, सगळ्यावर हसून झालं? आता मुद्द्यावर येते.

मला सांगायचंय ते दोन कुत्र्यांबद्दल. पण त्याआधी तुमच्या म्हणींबद्दल एक तक्रार आहे. तुमच्या भाषेत कुत्रं आलं की एक तर ते कुणाचं तरी पीठ खात असतं, नाहीतर त्याचं शेपूट नळीतून वाकडंच निघालेलं असतं. ज्यांनी या म्हणी केल्या त्यांनी मेंढ्या वळणारा कुत्रा कधी जवळून पाहिला नसणार. मी पाहिलाय. एक नाही, दोन. रोज, हाकेच्या अंतरावरून, आणि कित्येकदा नाकाला चोच लागेल इतक्या जवळून. अजूनही त्यांना बघताना मी दाणे टिपायचं विसरते. बदकाने दाणे टिपायचं विसरणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही.

माझा जन्म मेंढपाळाच्या स्वयंपाकघरात झाला. आईने अंडी अर्ध्यातच सोडून दिली होती, म्हणून मेंढपाळाच्या बायकोने ती उचलून एका खोक्यात ठेवली, भोवती लोकर दडपली आणि वर दिवा टांगला. कवच फोडून मी डोकं बाहेर काढलं तेव्हा खोक्याच्या काठावर एक ओलं काळं नाक टेकलेलं होतं, आणि नाकाच्या वर दोन पिवळसर डोळे. ते डोळे माझ्यावर असे रोखलेले होते की जणू मी जरा इकडे-तिकडे झाले तर जगाची घडी विसकटेल.

आम्हा बदकांत अशी रीत आहे की जन्मल्यावर पहिलं जे दिसेल ती आपली आई. मी निवड केली नाही. पण करायची वेळ आली असती तरी हीच केली असती.

त्याचं नाव मास्तर. काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा आणि एक दुमडलेला. मेंढपाळ स्वतःच्या मेंढ्या राखायचा आणि लोकांची पिल्लंही शिकवायचा. पण ते म्हणायला. शिकवायचा खरं तर हा कुत्रा. कुठलंही पिल्लू आलं की आधी त्याच्या हाताखाली, म्हणजे पंजाखाली जायचं. म्हणून मास्तर.

आणि पिल्लं गिरवायची कशावर? आमच्यावर. अडाणी पिल्लू थेट मेंढ्यांवर सोडलं तर मेंढी तरी त्याला ढुशी देऊन कायमचं घाबरवते, नाहीतर पिल्लू तरी मेंढ्यांना पळवून पळवून दमवतं. बदकं बरी. आम्ही घोळक्याने चालतो, सावकाश चालतो, आणि कुणी दात लावला तर गाव गोळा करतो. तेव्हा मोठमोठ्या मेंढवाड्यांत नाव काढणारे कुत्रे आधी आमच्या शेपटांमागे घडलेले असतात. आम्ही त्यांची पाटी. पाटीचे आभार कुणी मानत नाही, ते सोडा.

माझ्यापायी मात्र मास्तरची सुरुवातीला फार पंचाईत झाली. वळणाऱ्या कुत्र्याचं सगळं गणित समोरचा जीव त्याच्यापासून दूर सरकतो यावर बसलेलं असतं. मी दूर सरकेच ना. मी त्याच्या मागे. तो घोळक्याच्या डावीकडून गोल फिरून मागे जायचा, तर मीही टुणटुणत त्याच्या शेपटामागून गोल फिरायची. तो थबकून वळला की मीही वळून परत त्याच्या मागे. एकदा त्याने अंगणात स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की शेवटी मटकन बसला आणि मेंढपाळाकडे बघू लागला.

"बघतोस काय?" मेंढपाळ पोट धरून हसत म्हणाला. "तुझीच लेक आहे. तूच सांभाळ."

त्याने सांभाळलं. त्या दिवशी तो उठला, माझ्या अगदी समोर आला, पोट जमिनीला लावलं, मान खाली घातली, एक पंजा हवेत तसाच धरला आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. त्या नजरेत राग नव्हता हो. एखादं दार हळूच लोटावं तशी ती नजर होती. माझे पाय आपोआप मागे गेले आणि मी घोळक्यात जाऊन उभी राहिले. नंतर कुणी कितीही मोठा आवाज चढवला तरी मला त्याचं कधी काही वाटलं नाही. ज्यांच्याकडे नजर नसते तेच ओरडतात.

काम संपलं की खेळ. आणि खेळ म्हणजे काय, तर पुन्हा वळणंच. कोंबड्या वळायच्या, वाऱ्याने उडालेला टॉवेल कुंपणाशी कोंडायचा, पाहुण्यांची रांगती पोरं सतरंजीच्या मध्यावर आणून सोडायची. ऊन चढलं की मास्तर कुणी न सांगता आम्हाला सावलीत न्यायचा, आणि सावली सरकली की तिच्याबरोबर आम्हालाही सरकवायचा. त्याच्या राज्यात माझा घसा कधी कोरडा पडला नाही.

मग भिंगरी आली. मेंढपाळाने दूरच्या एका ओळखीच्याकडून आणलेली, तांबूस-पांढरी, अंगाने शेलाटी. नाव घरच्या बाईंनी ठेवलं, कारण ती एका जागी ठरतच नव्हती. तिला एक फुटका चेंडू सापडला होता. तो कोपऱ्यात ठेवून ती त्याच्यासमोर तासन्‌तास दबा धरून बसायची. चेंडू हलायचा नाही. आपल्या धाकामुळेच तो हलत नाही, असा तिचा ठाम समज होता.

आता शिट्ट्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टेकडीवर एकाच वेळी दोन कुत्रे सोडायचे तर दोघांना एकच शिट्टी चालत नाही. 'डावीकडे' म्हटलं की दोघेही डावीकडे पळतील आणि उजवी बाजू मोकळी पडेल. म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या शिट्ट्या वेगळ्या. मास्तरच्या लांब, खालच्या सुरातल्या. भिंगरीच्या तोकड्या, टोकदार. थांब, आडवा हो, डावीकडे, उजवीकडे, पुढे घे, पुरे आता, घरी ये. प्रत्येकाची वेगळी भाषा, आणि दुसऱ्याच्या भाषेकडे कान द्यायचा नाही, हा नियम.

भिंगरी स्वतःची भाषा चटकन शिकली. पण तिची एक खोड होती. ऐन कामात, मास्तरची शिट्टी वाजली की ही थबकायची. हातातलं काम टाकून, म्हणजे पायातलं, मास्तर बघेल अशा जागी यायची, आणि आडवी तरी व्हायची, नाहीतर एका बाजूला तोंड करून ताठ उभी राहायची. मग पुन्हा आपल्या कामाला.

"ए भिंगरे! तुला नाही, त्याला सांगतोय!" मेंढपाळ ओरडायचा.

दिवसभर हेच. "तुला नाही, त्याला!" आमच्यातली एक पोक्त बदकीसुद्धा ते वाक्य ओरडायला शिकली असती, जर आमची चोच तशी असती तर.

मास्तरबद्दल मला एक गोष्ट आधीपासून खटकत होती. मी लहानपणापासून त्याच्याजवळ जाऊन चिवचिवले की त्याचा उभा कान माझ्याकडे वळायचा. डोळे मिटलेले असले तरी कान वळायचा. तेवढ्याने माझं समाधान व्हायचं. अलीकडे तो वळत नव्हता. मी आवाज चढवला, मागून, पुढून, शेपटाशी उभं राहून घसा खरवडला. कान तसाच. मी समोर गेले की मात्र त्याचं शेपूट हलायचं. मला कळलं. मास्तरला ऐकू येत नव्हतं.

मेंढपाळाला कसं कळलं नाही? अहो, कळणार कसं! अंगणात मास्तर त्याच्या काठीकडे आणि खांद्याकडे बघून काम करायचा. टेकडीवर वाट वर्षानुवर्षांची पाठ होती. आणि जिथे काठी दिसत नव्हती तिथे भिंगरी होती. ती आडवी झाली की तो आडवा व्हायचा. तिने डावीकडे तोंड केलं की तो डावीकडे. त्या पोरीने स्वतःची भाषा शिकता शिकता त्याचीही शिकून घेतली होती, आणि धावता धावता ती त्याच्यापर्यंत पोचवत होती. कुणी शिकवलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. हे मला उलगडलं त्या दिवशी मी पाण्याच्या थाळीत पाय ठेवून तशीच उभी राहिले, बाकीच्या माझ्यावरून चढून पलीकडे गेल्या तरी हलले नाही.

आणि मेंढपाळ काय म्हणत होता? म्हणत होता, "म्हातारा सोन्यासारखा आहे. पोर वाया गेली. धाडून द्यावी कुठंतरी."

"तिला वेळ द्या थोडा," बाई म्हणायच्या.

"वेळ दिला की! मध्येच थांबते, इकडे-तिकडे बघते. लक्षच नाही."

"मी पण जेवायला हाक मारताना तुम्ही इकडे-तिकडेच बघत असता. तुम्हाला कुठं धाडू?"

तो हसला, पण ठरवायचं ते त्याने ठरवलं. शहरात गोदाम असलेल्या एका माणसाला दारात कुत्रं हवं होतं. तो आला तो गाडी घेऊनच. मागचा हौदा उघडा, हौद्यात दोर. भिंगरीच्या अंगावरून हात फिरवत तो म्हणाला, "दिसायला झकास आहे. मोबाईलवर असलीच बघितली होती."

"हिला पळायला लागतं बरं का," बाई म्हणाल्या. "जागा आहे का तुमच्याकडे?"

"साखळी लांब आहे, ताई. दारापासून खांबापर्यंत आरामात जाते."

दारापासून खांबापर्यंत! जिचा एक वळसा अर्ध्या टेकडीचा, तिला दारापासून खांबापर्यंत. आणि हे तो चांगुलपणाने सांगत होता, हे त्याहून भयंकर. तुमच्यातली पुष्कळ माणसं वाईट नसतात. नुसती विचारत नाहीत.

भिंगरीच्या गळ्यातल्या पट्ट्याला दोर लावून तिला हौद्यात बांधलं. तिने ओढाताण केली नाही. बांधलंय म्हणजे हेही कामच असणार, असा चेहरा करून बसली. बाई तिची थाळी आणायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मेंढपाळालाही आतून बोचत असावं, कारण तो उगाच मोठ्याने बोलू लागला. "थांबा पाच मिनिटं. खरा कुत्रा कसा असतो ते बघून जा. एकटा सगळा कळप खाली आणतो बघा." आणि त्याने मास्तरला टेकडीवर सोडलं. एकट्याला.

टेकडीच्या माथ्यावर गाभण मेंढ्या चरत होत्या. त्यांना खाली आणायची नेहमीची वाट दगडाच्या जुन्या खाणीच्या कुंपणाला धरून होती. मेंढ्या एका बाजूने कुंपणाला घासत यायच्या, दुसरी बाजू मास्तर राखायचा. पण दोनच दिवसांपूर्वीच्या वादळात ते कुंपण कोसळलं होतं. मेंढपाळाला ते ठाऊक होतं, म्हणून मास्तरला माथ्यावर थांबवून दुसऱ्या उताराने वळवायचा त्याचा बेत होता. मास्तरला मात्र ते ठाऊक नव्हतं.

आता माझ्या डोळ्यांविषयी. आमचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तुमचे दोन्ही पुढे. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बघता आणि तीच सगळी हकिकत म्हणून सांगत सुटता. मी गाडीच्या सावलीत उभी होते. माझा डावा डोळा टेकडीवर होता आणि उजवा गाडीच्या हौद्यावर. म्हणून त्या वेळी जे घडलं ते पूर्ण फक्त मी पाहिलं.

डाव्या डोळ्याला दिसलं ते असं. मास्तर वारा प्यायल्यासारखा वर गेला, मोठा वळसा घेऊन कळपाच्या मागे पोचला. इतका देखणा वळसा की गोदामवाल्यानेही "वा!" म्हटलं. मेंढपाळाने लांब, खालच्या सुरातली शिट्टी दिली. थांब. मास्तर थांबला नाही. पुन्हा शिट्टी. मास्तर कळप पुढे घेत होता, नेहमीच्या वाटेने, पडलेल्या कुंपणाकडे.

आणि उजव्या डोळ्याला दिसलं ते असं. पहिल्या शिट्टीला भिंगरी हौद्यात ताडकन उठली आणि आडवी झाली. दुसऱ्या शिट्टीला उठून पुन्हा आडवी झाली. मेंढपाळाने डावीकडे वळायची शिट्टी दिली, तर तिने दोर ताणून डावीकडे तोंड केलं आणि टेकडीकडे नजर लावली. मास्तर तिच्याकडे बघत नव्हता. त्याला ती दिसतच नव्हती. तरी प्रत्येक शिट्टीला ती त्याच्यासाठी उठत होती, पडत होती, वळत होती. गळ्याला पट्टा काचत होता. तोंडातून आवाज नाही.

मेंढपाळाने हातातली काठी टाकली. "मास्तर! अरे मास्तर!" तो धावत सुटला. पण माणसाचे पाय ते केवढे!

मग मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी, गाडीच्या चाकाशी उभी राहून, मान वर करून. माझं बघून बाकीच्याही सुरू झाल्या. हातात थाळी घेऊन बाई बाहेर आल्या. "अगं, काय झालं मेल्यांनो..." म्हणत त्या आमच्याकडे वळल्या आणि त्यांची नजर हौद्यात गेली. वरून शिट्टी आली. भिंगरी आडवी झाली. पुन्हा शिट्टी आली. भिंगरी उठून डावीकडे वळली.

थाळी खाली पडली. "अहो, ही त्याची शिट्टी ऐकतेय!" बाई ओरडल्या. "त्याला ऐकू येत नाही! मास्तरला ऐकूच येत नाही!"

"ताई, गाठ पक्की आहे, सुटायची नाही..." गोदामवाला म्हणाला.

बाईंनी गाठीला हातच लावला नाही. भिंगरीच्या गळ्यातला पट्टाच डोक्यावरून ओढून काढला.

पुढचं सांगायला माझ्याकडे शब्द थोडे आहेत. तांबूस रेघ टेकडीवर चढत गेली. ती कळपावर धावून गेली नाही. गेली असती तर मेंढ्या बिथरून खाणीतच पडल्या असत्या. ती कळपाला लांबून वळसा घालून पडलेल्या कुंपणाच्या अलीकडच्या उंचवट्यावर पोचली, जिथे मास्तरला दिसेल तिथे, आणि आडवी झाली.

मास्तर त्याच क्षणी आडवा झाला. जणू दोघे एकाच दोरीला बांधलेले होते.

मेंढ्या थांबल्या. पुढची मेंढी खाणीच्या काठावर उभी राहून पलीकडे बघत होती. मेंढपाळाने मास्तरची शिट्टी दिली, डावीकडे. भिंगरी उठली, डावीकडे तोंड करून ताठ उभी राहिली. मास्तर डावीकडे गेला. पुढे घे. ती एक पाऊल पुढे झाली, तोही झाला. आणि अशी शिट्टीमागून शिट्टी, एकीने ऐकायची आणि दुसऱ्याने करायची, असा तो सगळा कळप दुसऱ्या उताराने खाली आला आणि वाड्यात शिरला. एकही मेंढी कमी नाही.

मास्तर अंगणात येऊन बसला. मग बाईंनी बादली उचलली आणि मास्तरच्या पाठीमागे फरशीवर दाणकन आपटली. आम्ही सगळ्या हातभर उडालो. गोदामवाला उडाला. मास्तर शांतपणे पंजा चाटत होता.

मेंढपाळ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "अरे, कधीपासून?" त्याने विचारलं. मग भिंगरीकडे वळला. म्हणाला, "तुला नाही, तुला नाही म्हणून रोज ओरडलो गं." आणि तिच्या मानेवर जिथे पट्टा काचला होता तिथे अंगठा फिरवत राहिला. तिचं लक्ष नव्हतं. ती फुटक्या चेंडूकडे बघत होती. तेवढ्या वेळात तो कुठे गेला तर नाही ना!

गोदामवाल्याने घसा खाकरला. "मग हा म्हातारा देता का? भुंकायला कान कशाला लागतात?"

"भुंकायचंच असेल तर तुम्हीच बसा की दारात," बाई म्हणाल्या. "साखळी लांब आहे ना?"

गाडी रिकामी गेली.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. मी आता अंडी देत नाही, घोळक्यात मागे पडते, नव्या पिल्लांच्या शाळेतून मला सूट मिळाली आहे. मास्तर बहुतेक वेळ उन्हात पडून असतो. पण मेंढपाळ संध्याकाळी त्याची ती लांब, खालच्या सुरातली 'पुरे आता, घरी ये' ही शिट्टी अजून वाजवतो. कुणासाठी वाजवतो ते आता त्याला ठाऊक आहे. भिंगरी उठते, मास्तरसमोर जाऊन उभी राहते, वळते आणि सावकाश चालू लागते. तो तिच्यामागे येतो.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. मोबाईलवर बघून असं कुत्रं दारात आणून बांधू नका. त्याला धावायला टेकडी द्या, करायला काम द्या. ते जमणार नसेल तर चित्रावर भागवा. आणि ते ऐकत नाही असं ओरडण्याआधी ते काय ऐकतंय तेवढं बघा. डोळे दोन्ही पुढेच आहेत तुमचे, पण मान तरी वळते ना?

आम्ही बदकं घोळक्याच्या कडेला झोपलो की एक डोळा उघडा ठेवतो. कोल्हा येईल, ससाणा येईल, सांगता येत नाही. मी जन्मभर तशीच झोपले. हल्ली दुपारी मी मास्तरच्या पोटाला टेकून बसते. पलीकडे, फाटकाशी, भिंगरी बसलेली असते. त्याच्या वाटचं ऐकत.

मी दोन्ही डोळे मिटते.